गळू चिरले म्हणजे दुखणे संपले असे नव्हे

पौर्णिमेची वंदना आटोपते, खीर वाटून होते, बायका आपापल्या चपला शोधू लागतात, आणि एखादी भगिनी मुद्दाम मागे रेंगाळते. सतरंजीची घडी घालण्याचे निमित्त करते. आपण जवळ गेलो की मान खाली घालून म्हणते, "ताई, जरा बोलायचं होतं. पण इथं नको." असे झाले की आम्ही समजून घेतो. दुखणे कमरेखालचे आहे.

अशाच एका भगिनीची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत. तिचे नाव, गाव, वस्ती आम्ही लिहिणार नाही. मात्र हे छापावे ही तिचीच इच्छा. "माझं झालं ते झालं ताई, पण दुसरीचं होऊ नये," असे ती म्हणाली, म्हणून हे धाडस. कुटुंबाच्या पानावर असला विषय कशाला, असे काही वाचक बंधूंना वाटेल. त्यांना आमची विनंती आहे की, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि घरातल्या बाईच्या हाती द्यावा.

ही भगिनी अडतीस वर्षांची. ठेकेदाराकडे साफसफाईचे काम करते. दोन मुले, नवरा हमाल. एके दिवशी तिला लघवीच्या जागेजवळ डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ लागली. तिने ती अंगावर काढली. चार दिवसांत गाठ लिंबाएवढी झाली, लाल, गरम आणि ठणकणारी. बसता येईना, पाय जवळ घेऊन चालता येईना. घरात तिने सांगितले, "कंबर धरलीय." कामावर सांगितले, "पाय मुरगळलाय." शेवटी सहन होईना तेव्हा गल्लीतल्याच एका दवाखान्यात गेली. तिथे जागा बधिर करून गळू चिरले, पू काढला, आत औषधाची वात भरली आणि गोळ्या दिल्या. उद्या ड्रेसिंगला या म्हणून सांगितले.

त्या रात्री ती पाच दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपली. सकाळी उठली ती मोकळी होऊन. इथेच तिचा घात झाला. ठणका गेला म्हणजे दुखणे गेले, असे तिला वाटले. ड्रेसिंग करायला पुरुष कंपाऊंडर होता आणि दर खेपेचे पैसे वेगळे, म्हणून ती गेली नाही. गोळ्या दोन दिवस घेतल्या आणि ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी खाडा नको म्हणून कामावर हजर झाली, बादली उचलली, जिने पुसले. चौथ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. मांडीपर्यंत लाली उतरली, आणि ठणका असा की चिरण्याआधीही इतका नव्हता.

सासू म्हणाली, नजर लागली. शेजारीण म्हणाली, बाहेरचे असेल, कुणाला तरी दाखवून आणा. बावीस प्रतिज्ञा ज्या घराच्या भिंतीवर लावलेल्या आहेत, त्या घरात हे बोलणे झाले, हे आम्हांस खेदाने लिहावे लागते. त्या रात्री नणंद मुक्कामाला होती म्हणून बरे. ती म्हणाली, "वहिनी, लाज सोडा, मला बघू द्या." बॅटरीच्या उजेडात तिने पाहिले तर जखमेच्या कडेला रुपयाएवढा काळपट डाग आणि कुजका वास. तिने भावाला उठवले. रिक्षा केली आणि मध्यरात्री सरकारी रुग्णालय गाठले.

तिथे रक्त तपासले तेव्हा साखर चारशेच्या वर निघाली. मधुमेह आहे हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, सडलेले मांस कापून काढावे लागले. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. तेवीस दिवस ती रुग्णालयात होती. डॉक्टरीणबाई नणंदेला म्हणाल्या, "सकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं."

हे दुखणे नेमके काय असते, ते आधी समजून घेऊ. योनिमुखाच्या खालच्या अंगाला डावी-उजवीकडे एकेक लहान ग्रंथी असते. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणली तर चार आणि आठच्या आकड्यांच्या जागी. त्यांना बार्थोलिन ग्रंथी म्हणतात. डेन्मार्कच्या कॅस्पर बार्थोलिन या शरीरशास्त्रज्ञाने १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ग्रंथी वाटाण्याएवढी. तिच्यातून जेमतेम इंचभर लांबीची बारीक नळी निघते आणि तिच्या वाटे ओलाव्याचे दोन थेंब बाहेर येतात. निरोगी बाईला या ग्रंथी हाताला लागतही नाहीत. या नळीचे तोंड बुजले की आतला ओलावा साठून गाठ होते. ती दुखत नसेल तर पुष्कळदा काही करावेही लागत नाही. तिच्यात जंतू शिरले की पू होतो आणि गळू तयार होते. शंभरातल्या सुमारे दोन स्त्रियांना जन्मात केव्हातरी हा त्रास होतो, बहुधा ऐन तारुण्यात.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बायकोला असे गळू झाले की काही घरांत नवरा विचारतो, "हे कुठून आणलंस?" बंधूंनो, हे गळू म्हणजे बाईच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. यात सर्वांत जास्त आढळणारे जंतू आपल्याच आतड्यात राहणारे असतात आणि शौचाच्या जागेहून ते इथे पोहोचतात. काही वेळा परमा किंवा तशा संसर्गाचे जंतू सापडतात, हेही खरे. डॉक्टर त्यासाठी पू तपासायला पाठवतात. तसे निघालेच तर औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचे असते, एकटीने घेऊन उपयोग नाही. आणि अशा वेळी आधी आपल्या स्वतःच्या वागण्याचा हिशेब मनाशी करावा, मग बायकोला प्रश्न विचारावा. आमच्या या भगिनीच्या नवऱ्याने असा प्रश्न विचारला नाही. त्याने तेवीस दिवस रुग्णालयाच्या पायरीवर रात्र काढली.

पू झाला की तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भरलेले गळू सहसा बसत नाही. त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि पुढचा त्रास पुष्कळसा त्यावर अवलंबून असतो. नुसती चीर देऊन पू काढला तर आराम तत्काळ पडतो. पण चिरेचे तोंड लवकर मिटते, नळी बुजलेलीच राहते आणि काही महिन्यांत गळू पुन्हा उभे राहते. एकाच जागी तीन-तीनदा चिरून घेतलेल्या बायका आम्हांस भेटल्या आहेत. प्रत्येकीला वाटते, आपल्या अंगातच काही खोट आहे. खोट अंगात नसते, वाट उघडी राहिलेली नसते इतकेच.

म्हणून दुसरी रीत अशी की, गळूच्या आत एक बारीक रबरी नळी घालतात. तिच्या टोकाला लहान फुगा असतो, तो पाण्याने फुगवला की नळी आत टिकते. ती सुमारे चार आठवडे ठेवतात, तेवढ्यात पू निघण्यासाठी कायमची वाट तयार होते. अमेरिकेतील डॉ. वर्ड यांनी ही नळी १९६० च्या दशकात आणली. आपल्याकडे ती सगळीकडे मिळतेच असे नाही. तिसरी रीत, गळू उघडून त्याच्या पिशवीच्या कडा बाहेरच्या कातडीला टाक्यांनी शिवून टाकायच्या, म्हणजे तोंड मिटत नाही. खिशाला आपण काठ शिवतो तसेच काहीसे. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या १६१ स्त्रियांवर या दोन रीतींची तुलना करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात गळू पुन्हा होण्याचे प्रमाण नळीने १२ टक्के आणि शिवण्याने १० टक्के आढळले, म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच. पण लक्षात घ्या, उत्तम रीतीने करूनही दहातल्या एकीला ते परत होऊ शकते. परत झाले म्हणून डॉक्टरने फसवले असे लगेच समजू नये.

चौथी रीत म्हणजे सबंध ग्रंथीच काढून टाकणे. पुन्हा पुन्हा होत असेल तरच ही करतात, आणि पू भरलेला असताना सहसा करीत नाहीत. "एकदाची काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको," असे आपल्या बायका घाईने म्हणतात. तसे म्हणण्याआधी हे माहीत असू द्या की, या ग्रंथीच्या खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. रक्तस्राव होण्याचा, आत रक्त साठून गोळा होण्याचा, व्रण कडक होऊन पुढे शरीरसंबंधाच्या वेळी दुखण्याचा त्रास या शस्त्रक्रियेत इतरांपेक्षा जास्त असतो. गरज असेल तर ती करावी, पण विचारून, समजून आणि सोय असलेल्या रुग्णालयात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शस्त्रक्रियेनंतर काय साहजिक आणि काय धोक्याचे, हे ओळखायचे कसे? घरी पाठवताना आपल्याला कागद देतात, त्यावर इंग्रजीत चार ओळी असतात. त्या वाचणार कोण!

गळू रिकामे झाले की ठणका लगेच कमी होतो आणि दिवसागणिक कमीच होत जातो. पहिले काही दिवस थोडे रक्त, थोडा पिवळसर पाणचट स्राव येतो. घडीवर डाग पडतात, जागा हुळहुळते, लघवी करताना झोंबते. याला घाबरायचे कारण नाही. पण दुखणे कमी होत होत पुन्हा वाढू लागले, तर समजावे की आत काही बिघडते आहे. आमच्या मते ही एकच खूण जरी प्रत्येक बाईने लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले. पू एखाद्या कप्प्यात राहिला असेल, आत रक्त साठले असेल, किंवा जंतू पसरत असतील. कारण डॉक्टर शोधतील, आपण फक्त त्याच दिवशी परत जायचे.

रक्ताचे म्हणाल तर, तासाभरात सबंध घडी भिजली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या तर थांबू नये. स्वच्छ कापडाची जाड घडी जागेवर घट्ट दाबून धरावी आणि निघावे. कधी रक्त बाहेर दिसतच नाही, आतल्या आत साठते. जागा निळसर, ताठ आणि फुगलेली होते, वेदना वाढत जाते, तेव्हाही हेच करावे. सुजेमुळे किंवा कमरेतून दिलेल्या भुलीमुळे लघवी अडकते. सहा-सात तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट फुगले तर रुग्णालयात जावे. घाण वासाचा स्राव आठवड्यानंतरही चालूच राहिला तर आत भरलेली वात राहून गेली असेल. असे घडते. म्हणून चिरा देणाऱ्याला विचारून ठेवावे, आत किती वाती भरल्या आणि त्या कोणत्या दिवशी काढायच्या? हे विचारणे उद्धटपणा नव्हे.

थंडी वाजून ताप, मांडी, ढुंगण किंवा पोटाकडे सरकणारी लाली, कातडीवर काळा-जांभळा डाग किंवा पाण्याचे फोड, बोटाने दाबले असता कातडीखाली कुरकुरणे, जखम दिसते लहान पण वेदना असह्य, नाडी जलद, बाई असंबद्ध बोलू लागली, ही सर्वांत भयंकर लक्षणे. यात जंतू कातडीखालच्या थरातून वणव्यासारखे पसरतात आणि मांस सडवतात. हा प्रकार विरळा आहे, पण ज्यांना मधुमेह आहे त्यांना त्याचा धोका जास्त. इथे हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो. डाग पेनाने आखून ठेवावा आणि तासाभराने रेघ ओलांडून पुढे गेला का ते पाहावे, असे एका परिचारिकेने आम्हांस सांगितले. पण हे वाटेत करावे, घरी बसून नव्हे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट येते. गल्लीतल्या दवाखान्याच्या दारात वेळ न घालवता, रात्री शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे.

साखरेबद्दल थोडे अधिक लिहितो. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटची अनेक वर्षे किती छळले, हे आपण जाणतो. तरी आपल्या वस्तीत साखर तपासायची ती म्हातारपणी, असा समज अजून आहे. ज्या बाईला गळू होते, मग ते कुठेही असो, आणि जिची जखम भरत नाही, तिने पहिल्यांदा साखर तपासावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली की पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आमच्या भगिनीची साखर आधी कळली असती तर चिरा देण्याची जागाही दुसरी निवडली असती आणि ड्रेसिंग चुकवण्याची हिंमतही तिने केली नसती.

आणखी एक. चाळिशी उलटलेल्या, विशेषतः पाळी गेलेल्या बाईला या जागी नव्याने गाठ झाली, तर नुसता पू काढून मोकळे होऊ नये. गाठीचा लहान तुकडा तपासायला पाठवला की नाही ते विचारावे. या ग्रंथीचा कर्करोग अगदी क्वचित होतो, पण होतो, आणि तो गळूसारखाच दिसू शकतो.

काही त्रास महिन्यांनी उमगतात आणि त्यांच्याविषयी तर कुणीच बोलत नाही. व्रणाची जागा ओढल्यासारखी वाटते, संबंधाच्या वेळी दुखते, कोरडे पडते. बाई सांगत नाही, नवरा रुसतो, आणि घरात अबोला सुरू होतो. जखम पुरती भरेपर्यंत, नळी ठेवली असेल तर ती निघेपर्यंत, शरीरसंबंध टाळायचे असतात. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. त्यानंतरही दुखत राहिले तर ते सोसायचे नसते, त्यालाही उपचार आहेत. फार क्वचित योनिमार्ग आणि गुदमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडते आणि योनीवाटे वारा किंवा मळ येऊ लागतो. ही गोष्ट बाई मेली तरी कुणाला सांगत नाही! पण ती शस्त्रक्रियेने बरी करता येते, म्हणून सांगितलीच पाहिजे.

घरी काय करावे? डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे. यासाठी एक रुंद प्लास्टिकचे टब वेगळे ठेवावे, त्यात धुणी-भांडी करू नयेत. पाणी उकळून कोमट करावे. त्यात जंतुनाशक ओतायची गरज नाही, त्याने कातडी भाजते. हळद, राख, तंबाखू, चुना यातले काही जखमेवर लावू नये. मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे, चोळू नये. शौचानंतर पुढून मागे धुवावे. घडी ओली राहू देऊ नये. गोळ्या दिल्या असतील तितके दिवस पुऱ्या घ्याव्यात. गोळ्यांनी अंगावर पित्त उठले किंवा दम लागला तर बंद करून डॉक्टरला गाठावे. जोर करावा लागू नये म्हणून पाणी आणि पालेभाजी भरपूर. हे लिहिताना आम्हांस ठाऊक आहे की, आपल्या पुष्कळ भगिनी संडासला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण कामाच्या जागी संडास नाही आणि वस्तीतला सार्वजनिक संडास अंधारात. हा दोष त्यांचा नव्हे. पण निदान हे पंधरा दिवस घरातल्या पुरुषाने बादलीभर पाणी भरावे आणि रात्री सोबत जावे, एवढे तर होईल?

खाड्याचेही तसेच. १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बोलले होते. त्यांचे म्हणणे असे की, हा खर्च देशाच्या हिताचा आहे. ठेक्यावरच्या बाईला आजही आजारपणाची रजा म्हणजे पगार बुडाला. ज्यांचा राज्य कामगार विमा कापला जातो त्यांनी पावती पाहावी. त्या योजनेत ठरलेले दिवस वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. आमच्या भगिनीच्या पगारातून विमा कापला जात होता. तिला कार्डच दिलेले नव्हते, आणि तिने कधी मागितलेही नव्हते.

परपुरुषापुढे उघडे व्हावे लागते, हे ड्रेसिंग चुकवण्याचे दुसरे कारण. या लाजेला आम्ही हसत नाही. ती जुनी आहे आणि तथागतांच्या काळीही तिचा विचार झालेला आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खुनीला कमरेखाली गळू झाले. ते तिने एकांतात एका पुरुषाकडून फोडून घेतले. त्या माणसाने तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला, ती ओरडली, इतर भिक्खुनी धावून आल्या. तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला की, नाभीच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर असे गळू किंवा व्रण झाला, तर संघाला किंवा गणाला सांगितल्याशिवाय आणि पुरुषाबरोबर एकटीने तो फोडून, धुऊन किंवा बांधून घेऊ नये. नीट पाहा, भिक्खुनीने उपचार घेऊ नये असे नियम सांगत नाही. आपल्या माणसांना सांगून आणि सोबत घेऊन घ्यावा, असे सांगतो.

महावग्गात राजगृहाच्या वेळुवनातला आणखी एक प्रसंग आहे. आकासगोत्त नावाच्या वैद्याने एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवले होते. तेव्हा भगवंतांनी गुह्य जागी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली आणि कारणे दिली: तिथली कातडी नाजूक असते, जखम भरायला कठीण असते, शस्त्र सांभाळायला अवघड असते. आज भूल आहे, जंतू मारणारी औषधे आहेत, निष्णात हात आहेत, तेव्हा तीच मनाई आज लागू करून गळू पोसत बसावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण कारणे मात्र आजही तीच आहेत. जागा नाजूक, जखम भरायला कठीण.

आणि सोबतीचा हक्क आज कागदावरही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत असे म्हटले आहे की, पुरुष डॉक्टर तपासत असेल तर स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असावी. परिचारिका असो की आपली जाऊबाई. "बाई असल्याशिवाय मी झोपणार नाही," असे टेबलाजवळ उभे राहून शांतपणे सांगता येते. आपले कागद मागायचाही हक्क आहे. कोणती रीत केली, वात भरली की नळी ठेवली, तुकडा पाठवला की नाही, हे त्यावर लिहिलेले असते. गळू पुन्हा झाले तर पुढच्या डॉक्टरला तो कागद लाखमोलाचा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य केले आहेत, तेव्हा ड्रेसिंगच्या पैशांची अडचण तिथे तरी येऊ नये.

आमची भगिनी घरी आली तेव्हा जखम उघडीच होती, ती आतून भरत यायला तीन महिने लागले. रोजचे ड्रेसिंग नणंदेने शिकून घेतले. सासूबाई सुरुवातीला तोंड फिरवून बसत. एके दिवशी नणंदेला पाळीवरून सुट्टी मिळाली नाही, तेव्हा त्यांनीच चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सांग कसं करायचं." गेल्या पौर्णिमेला सुना-नातवंडांसह त्या विहारात आल्या होत्या. वंदनेला सून सतरंजीवर न बसता मागे खुर्चीवर बसली. कुणीतरी विचारले, "काय गं, खुर्ची कशाला?" ती उत्तर देणार तोच सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "तिचं खाली ऑपरेशन झालंय. साखर पण आहे. बसू द्या तिला."

खीर तिने घेतली नाही. डब्यात भाकरी आणली होती.